थकणारा चुना : कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या कॅल्शियमाधारित शोषकांच्या सुधारणेविषयी

प्रास्ताविक

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली असता ती दुधाळ होते, हा प्रयोग शाळेत प्रत्येकाने केलेला असतो. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड चुन्याशी संयोग पावतो आणि कॅल्शियम कार्बोनेटाचे, म्हणजे चुनखडीचे, सूक्ष्म कण तयार होतात. चुन्याने बांधलेल्या जुन्या वाड्याच्या भिंतीत हीच क्रिया वर्षानुवर्षे मंदगतीने चालू राहते व त्यामुळेच ती भिंत कालांतराने दगडासारखी घट्ट होते. चुनखडी भाजली की वायू सुटून कळीचा चुना उरतो, आणि चुन्याला तो वायू परत मिळाला की पुन्हा चुनखडी होते, ही गोष्ट जोसेफ ब्लॅक याने १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपासून रसायनशास्त्राला ज्ञात आहे. कार्बन डायऑक्साइड हा हवेहून निराळा, स्वतंत्र वायू आहे, ही ओळखच मुळी चुन्यामुळे पटली असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

औष्णिक वीजकेंद्रांच्या व सिमेंट कारखान्यांच्या धुराड्यांतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वेगळा काढण्यासाठी याच जुन्या अभिक्रियेचा उपयोग करण्याची कल्पना गेल्या तीन दशकांत बरीच पुढे गेली आहे. तिच्या मार्गात एक अडचण सुरुवातीपासून उभी आहे, ती म्हणजे चुना थकतो. ही थकावट कशामुळे येते, ती दूर करण्याचे कोणते उपाय सुचविले गेले आणि त्या उपायांचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. रसायनशास्त्राखेरीज अन्य शाखांतील वाचकही हे पृष्ठ उघडतात, हे ध्यानात ठेवून समीकरणे शक्य तेथे टाळली आहेत.

अभिक्रिया आणि तिचे आकर्षण

मूळ अभिक्रिया एवढीच आहे :

कॅल्शियम ऑक्साइड + कार्बन डायऑक्साइड ⇌ कॅल्शियम कार्बोनेट

डावीकडून उजवीकडे जाताना प्रत्येक मोलमागे सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. उलट दिशेने जाण्यासाठी तेवढीच द्यावी लागते. अभिक्रिया कोणत्या दिशेने जाईल हे तापमान आणि सभोवतालच्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ही दोन ठरवितात. साधारण ६५० अंश सेल्सिअसला समतोलाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक शतांश असतो. म्हणजेच ज्या धुरात १२ ते १५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, त्यातील बहुतेक भाग या तापमानाला चुना सहज ओढून घेतो. त्याच चुन्यातून शुद्ध वायू वातावरणीय दाबाने परत सोडवून घ्यावयाचा तर मात्र तापमान ९०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून थोडे वर न्यावे लागते.

यावरून यंत्रणेची मांडणी आपोआप सुचते. दोन पात्रे घ्यावयाची. पहिल्यात ६५० अंशांच्या जवळपास धूर चुन्याच्या कणांतून जातो आणि कार्बन डायऑक्साइड गमावून बाहेर पडतो. यास आपण शोषणपात्र म्हणू. कार्बोनेट झालेले कण दुसऱ्या पात्रात, म्हणजे भाजणभट्टीत जातात, तेथे वायू सोडतात आणि चुना होऊन पहिल्या पात्रात परततात. दोन्ही पात्रांत कणांचा थर खालून येणाऱ्या वायूच्या झोतावर उकळत्या द्रवाप्रमाणे खळबळत असतो. अभियंते यास फ्लुइडाइज्ड बेड म्हणतात, आपण तरता थर म्हणू. भट्टीतील इंधन हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजनमध्ये जाळावे, म्हणजे तेथून निघणाऱ्या वायूत नायट्रोजन मिसळणार नाही, ही मांडणी जपानमधील शिमिझू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडली. आज ‘कॅल्शियम लूपिंग’ या नावाने ओळखली जाणारी पद्धती ती हीच. तिचे पूर्वज मात्र बरेच जुने आहेत. कोळशापासून वायू करताना चुना मिसळल्यास लाभ होतो, हे ड्यू मोते व मारेशाल यांनी १८६७ मध्येच सांगितले होते. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतील साउथ डाकोटा राज्यात रॅपिड सिटी येथे याच तत्त्वावरील प्रायोगिक संयंत्र चालविले गेले; परंतु त्यामागचा हेतू इंधनवायूनिर्मितीचा होता, हवामानाचा नव्हता.

या पद्धतीचे आकर्षण कशात आहे? अमाइन द्रावणांनी वायू शोषून घेण्याची जी प्रस्थापित रीत आहे, तीत शोषणाची उष्णता इतक्या कमी तापमानाला बाहेर पडते की तिचा पुढे फारसा उपयोग होत नाही. चुन्याच्या बाबतीत ती ६५० अंशांना मिळते, आणि या तापमानाच्या उष्णतेवर उत्तम प्रतीची वाफ करून वीजनिर्मिती करता येते. भाजणीसाठी खर्च केलेली उष्णता अशा रीतीने बऱ्याच अंशी परत मिळते. शिवाय चुनखडी मुबलक, स्वस्त आणि बिनविषारी आहे. हा ‘स्वस्त’ शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढील सर्व युक्तिवाद त्याच्याभोवती फिरणार आहे.

थकावटीचे स्वरूप

एक ग्रॅम शुद्ध कॅल्शियम ऑक्साइड तत्त्वतः ०.७९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरू शकते. घन शोषकांमध्ये इतकी क्षमता फार थोड्यांची असते. दुर्दैवाने हा आकडा पुस्तकातच राहतो. बार्कर यांनी १९७३ साली हे आवर्तन वारंवार करून पाहिले आणि प्रत्येक फेऱ्यागणिक चुन्याची ग्रहणशक्ती घटत जाते असे दाखविले. पुढे स्पेनमधील ग्रासा व आबानादेस यांनी नैसर्गिक चुनखडीवर ५०० आवर्तनांपर्यंत प्रयोग करून २००६ साली या घसरणीचे एक साधे सूत्र दिले. त्या सूत्राने हिशेब केला असता पहिल्या आवर्तनात चुन्याचा सुमारे ७० टक्के भाग कार्बोनेट होतो. दहाव्यात २३ टक्के, विसाव्यात १६ टक्के आणि शंभराव्यात ९ टक्के. त्यानंतर घसरण जवळजवळ थांबते आणि सात-आठ टक्क्यांची शिल्लक क्षमता दीर्घकाळ टिकते. वेगवेगळ्या देशांतील चुनखड्या घेतल्या तरी बहुतेकांचे आलेख आश्चर्यकारक रीतीने एकमेकांजवळ पडतात.

असे का व्हावे? याची कारणे दोन असून ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण आकारमानाचे. एक मोल कॅल्शियम ऑक्साइड सुमारे १६.९ घन सेंटिमीटर जागा व्यापते, तर एक मोल कॅल्शियम कार्बोनेट सुमारे ३६.९ घन सेंटिमीटर. म्हणजे चुना कार्बोनेट होताना फुगून दुपटीहून अधिक होतो. चुनखडी भाजल्यावर वायू निघून गेलेल्या जागी अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे उरते आणि पुढील वेळी कार्बोनेट या छिद्रांच्या भिंतींवर साचते. आरंभी अभिक्रिया झपाट्याने होते. परंतु भिंतींवरील थर काही दशक नॅनोमीटर जाड झाला, अथवा लहान छिद्रे भरून गेली, की वायूला आतील चुन्यापर्यंत पोचण्यासाठी घन कार्बोनेटातून झिरपावे लागते. आणि ही गती इतकी मंद असते की संयंत्रातील काही मिनिटांच्या मुक्कामात तिचा उपयोग नगण्य. तात्पर्य, चुन्याची क्षमता त्याच्या वजनावर ठरत नसून त्याच्या अंतर्गत पृष्ठभागावर ठरते.

दुसरे कारण या पृष्ठभागाच्या ऱ्हासाचे. पदार्थ वितळण्याच्या कितीतरी आधी त्याचे कण एकमेकांना सांधू लागतात. कुंभाराच्या आव्यात मातीचे कण न वितळताच जुळून मडके पक्के होते, तसाच हा प्रकार आहे. यास सिंटरिंग म्हणतात. केल्व्हिन मापनातील द्रवणांकाच्या अर्ध्याच्या आसपास ही हालचाल जाणवू लागते असा ढोबळ नियम आहे. कॅल्शियम ऑक्साइडसाठी ते तापमान ११७० अंश सेल्सिअसच्या जवळ येते, म्हणजे भट्टीच्या पुष्कळ वर. कार्बोनेटासाठी मात्र ते साडेपाचशेच्या आसपासच पडते. प्रत्येक आवर्तनात चुना काही काळ कार्बोनेटाच्या रूपात असतो आणि भट्टीत शिरताना त्याच रूपात तापतो. लहान छिद्रे मिटून मोठी होतात, कणिका जाड होतात, पृष्ठभाग घटतो. भट्टीत कार्बन डायऑक्साइड व वाफ असली की हे सांधणे आणखी वेगाने होते, आणि प्रत्यक्ष भट्टीत ही दोन्ही असणारच.

मडक्याच्या बाबतीत जो गुण, तो शोषकाच्या बाबतीत अवगुण ठरतो.

याखेरीज गंधकाचा उपद्रव आहे. धुरातील सल्फर डायऑक्साइड चुन्याशी संयोग पावून कॅल्शियम सल्फेट होते. भट्टीच्या तापमानाला ते विघटन पावत नाही आणि तेवढा चुना कायमचा निकामी होतो. तसेच तरत्या थरात कण एकमेकांवर व भिंतींवर आपटून झिजतात आणि भुकटी होऊन उडून जातात.

थकलेल्या चुन्याचे ओझे

नऊ टक्के क्षमता उरली तर बिघडले कोठे? चुना अधिक फिरवावा, म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहू. चुन्याचा दहावा भाग कार्बोनेट होत असेल, तर एक टन कार्बन डायऑक्साइड पकडण्यासाठी सुमारे १२.७ टन चुना शोषणपात्रातून भट्टीत न्यावा लागतो. ७० टक्के भाग होत असेल तर अवघे १.८ टन पुरतात. विघटनासाठी लागणारी उष्णता दोन्ही वेळा सारखीच, टनाला सुमारे ४ गिगाज्यूल. परंतु चुन्याचे जे निष्क्रिय ओझे ६५० अंशांवरून ९०० अंशांपर्यंत तापवावे लागते, त्यासाठी पहिल्या वेळी जवळजवळ ३ गिगाज्यूल लागतात, दुसऱ्या वेळी अर्ध्याहूनही कमी. २० टक्क्यांची क्षमता टिकविता आली तरी हा खर्च १.५ गिगाज्यूलवर येतो.

येथे एक गोष्ट दृष्टीस पडते. क्षमता १० वरून २० टक्क्यांवर नेल्याने जी बचत होते, ती २० वरून ७० वर नेल्याने होणाऱ्या बचतीहून मोठी आहे. म्हणून पुस्तकी क्षमतेच्या जवळ पोचणारा आदर्श शोषक शोधण्यापेक्षा तळाची क्षमता थोडी वर उचलणे व्यवहारात अधिक मोलाचे ठरते. या विषयावरील विपुल लेखनात हा मुद्दा अनेकदा हरवलेला दिसतो.

सुधारणेचे मार्ग

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे थकलेला चुना सतत थोडा काढून टाकणे व तेवढी ताजी चुनखडी घालणे. यास सुधारणा म्हणण्यास कोणी तयार होणार नाही, पण इतर प्रत्येक उपायाची स्पर्धा याच्याशी आहे. चुनखडी स्वस्त असल्यामुळे ही स्पर्धा सोपी नाही.

दुसरा मार्ग म्हणजे थकलेल्या चुन्यास पाणी किंवा वाफ पाजून ताजेतवाने करणे. आपल्याकडील गवंडी कळीचा चुना विरवीत असत, ती हीच क्रिया. पाणी शिरताच कण फुगतो, त्यास तडे जातात, आणि पाणी पुन्हा काढल्यावर आत नवी छिद्रे उघडतात. जवळजवळ निकामी झालेला चुना या उपायाने पुष्कळ प्रमाणात सुधारतो असे अनेक प्रयोगशाळांत दिसून आले आहे. मात्र ज्या तड्यांमुळे पृष्ठभाग वाढतो, त्याच तड्यांमुळे कण ठिसूळ होतो. स्थिर नमुन्यावर जो उपाय रामबाण भासतो, त्याने तरत्या थरात चुन्याची फक्की होऊन ती धुराबरोबर निघून जाऊ शकते. शिवाय वातावरणीय दाबाच्या वाफेत ही क्रिया घडविण्यासाठी चुना सुमारे ५०० अंशांच्या खाली थंड करावा लागतो, आणि तापविण्या-निवविण्याचा हा खर्च हिशेबात धरावा लागतो.

तिसऱ्या मार्गाची कल्पना प्रथमदर्शनी विपरीत वाटते. कॅनडातील मानोव्हिच व अँथनी यांनी २००८ च्या सुमारास असे दाखविले की, काही चुनखड्या वापरापूर्वीच दीर्घकाळ अति उष्णतेत ठेवल्यास त्यांची आरंभीची क्षमता घटते खरी, पण पुढील आवर्तनांत ती घसरण्याऐवजी हळूहळू वाढत जाते. आतील सांगाडा आधीच कडक होऊन बसतो आणि त्याच्या आधाराने बाहेरचा थर सैल होत जातो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. सर्व चुनखड्या मात्र असे वागत नाहीत. याच्याच जवळचा आणखी एक उपाय स्पेनमधील संशोधकांनी सुचविला : शोषणपात्रातून निघालेला चुना भट्टीत जाण्यापूर्वी काही मिनिटे अधिक उष्ण व शुद्ध कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवावयाचा, म्हणजे कार्बोनेटाचा थर थोडा अधिक खोल जातो आणि तळाची क्षमता वर राहते. यात कोणतेही नवे द्रव्य लागत नाही, आणि वर केलेल्या हिशेबाशी हा विचार नेमका जुळतो. प्रस्तुत लेखकास सर्व उपायांत हा अधिक भावतो. पण त्याकडे पदार्थविज्ञानाच्या नियतकालिकांचे लक्ष कमी आहे. नवा पदार्थ न बनविता केलेल्या सुधारणेला तेथे फारशी प्रतिष्ठा नसते.

चौथा मार्ग मात्र या क्षेत्रातील बहुसंख्य लेखांचा विषय आहे. चुन्याच्या कणिकांमध्ये उष्णतेने न हलणारा दुसरा पदार्थ पसरवून ठेवावयाचा, म्हणजे तो खांबासारखा उभा राहून कणिकांना सांधू देत नाही. निसर्गानेच याचे एक उदाहरण घालून दिले आहे. डोलोमाइट भाजल्यावर कॅल्शियम ऑक्साइडसोबत मॅग्नेशियम ऑक्साइड मिळते. या तापमानाला ते कार्बन डायऑक्साइड घेत नाही आणि सांधतही नाही. त्यामुळे डोलोमाइटची क्षमता, कॅल्शियमच्या प्रमाणात मोजल्यास, साध्या चुनखडीहून सावकाश घटते. कृत्रिम शोषकांत अॅल्युमिना, झिर्कोनिया, मॅग्नेशिया इत्यादींचा वापर होतो. यांपैकी सर्वांत गाजलेला शोषक कॅल्शियम ऑक्साइड व मायेनाइट नावाचे कॅल्शियम अॅल्युमिनेट यांचा असून त्यांचे प्रमाण वजनाने ७५ : २५ असे आहे, तो २००५ साली पुढे आला. मायेनाइट काहीही पकडत नाही, म्हणून या शोषकाची पुस्तकी क्षमता आरंभीच ग्रॅमला ०.५९ ग्रॅमवर येते. टिकाऊपणासाठी मोजलेली ही किंमत होय.

याच मालिकेत चुनखडीचे द्रावणातून केलेले सूक्ष्मकण अवक्षेपण (ओहायो राज्य विद्यापीठातील गुप्ता व फॅन यांचे २००२ सालचे काम), कॅल्शियम अॅसिटेटसारखी सेंद्रिय क्षारांची भाजणी, अंड्यांची टरफले, शिंपले असे कितीतरी प्रकार येतात. कोकणात व गोव्यात शिंपल्यांचा चुना पूर्वापार केला जात असे, त्यामुळे हा शेवटचा विषय आपल्याकडे प्रिय आहे. परंतु शिंपला भाजल्यावर मिळते ते कॅल्शियम ऑक्साइडच, आणि आकारमान व सांधणे या दोन्ही कारणांतून त्याची सुटका नाही.

कसोटी कोणती?

मायेनाइटयुक्त शोषकाचेच पुढील आकडे पाहावेत. ८५० अंशांना शुद्ध नायट्रोजनमध्ये भाजले असता ५० आवर्तनांनंतर त्याने स्वतःच्या वजनाच्या सुमारे ४१ टक्के वायू धरला. ९८० अंशांना शुद्ध कार्बन डायऑक्साइडमध्ये भाजले असता ५६ आवर्तनांनंतर हाच आकडा सुमारे २२ टक्के झाला. पदार्थ तोच, फरक फक्त भाजण्याच्या परिस्थितीत. साध्या चुनखडीची ५० आवर्तनांनंतरची क्षमता वरील सूत्राने वजनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे कठोर परिस्थितीतही कृत्रिम शोषक दुपटीहून सरस ठरला, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. पण ज्यांनी केवळ नायट्रोजनमधील आकडा वाचला, त्यांच्या मनात निराळेच चित्र उभे राहिले असेल.

हे एकाच शोषकापुरते मर्यादित नाही. नायट्रोजनमध्ये ७५०-८०० अंशांना चुनखडी सहज भाजली जाते आणि सामान्य उपकरणात ते सोयीचे असते. परंतु नायट्रोजनात भाजून मिळणारा वायू पुन्हा नायट्रोजनमिश्रितच असणार; मग वेगळे काढले ते काय? पद्धतीचा हेतूच शुद्ध वायू मिळविण्याचा असल्यामुळे भाजणी कार्बन डायऑक्साइडच्या वातावरणात, ९०० अंशांच्या वरच होणार. दुसरे असे की, बहुतेक चाचण्या काही मिलिग्रॅम नमुना तापवीत त्याचे वजन टिपणाऱ्या तराजूवर होतात. तेथे कण आपटत नाहीत, झिजत नाहीत, राखेस भेटत नाहीत. ओटावा येथे २००३ मध्ये झालेल्या अभ्यासात मिठाचा अंश दिलेल्या चुन्याला तराजूवर लाभ झाला, पण तरत्या थरात तो दिसला नाही. एका उपकरणातील यश दुसऱ्यात कसे नाहीसे होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची कसोटी अशी की, थकलेल्या चुन्याचे पुढे काय होते? साध्या चुनखडीपासून झालेला थकलेला चुना सिमेंटच्या भट्टीस कच्चा माल म्हणून चालतो. सिमेंट कारखान्यास चुनखडी भाजावीच लागते, आणि सिमेंटनिर्मितीत बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण ६० टक्के भाग या चुनखडीतूनच येतो, इंधनातून नव्हे. आधीच भाजलेला चुना मिळाल्यास कारखान्याचे इंधन वाचते व उत्सर्जनही घटते. आता डोलोमाइट अथवा मॅग्नेशियायुक्त शोषक घ्या. तो टिकाऊ खरा. पण भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटमध्ये मॅग्नेशिया ६ टक्क्यांहून अधिक चालत नाही, कारण ते कालांतराने फुगून बांधकामास तडे पाडते. म्हणजे जो गुण शोषकास चिरंजीव करतो, तोच त्याची शेवटची वाट बंद करतो. झिर्कोनियासारखे महाग द्रव्य घातले असेल तर तो सिमेंटमध्ये घालविणे परवडणारच नाही. प्रयोगशाळेच्या आलेखावर या गोष्टी दिसत नाहीत.

प्रायोगिक संयंत्रांचा कल

मोठ्या प्रमाणावर जे प्रयोग झाले, त्यांत बहुतांशी साधी चुनखडीच वापरली गेली, हे येथे नोंदविण्यासारखे आहे. स्पेनच्या आस्तूरियास प्रांतातील ला पेरेदा वीजकेंद्रात १.७ मेगावॉट औष्णिक क्षमतेचे संयंत्र २०१० च्या दशकाच्या आरंभी उभे राहिले. सुमारे १५ मीटर उंचीच्या दोन पात्रांत प्रत्यक्ष धूर घेऊन ९० टक्क्यांहून अधिक ग्रहण तेथे साध्य झाले. जर्मनीत डार्मस्टाट येथे १ मेगावॉटचे, तर तैवानमध्ये होपिंग येथील सिमेंट कारखान्यात १.९ मेगावॉटचे संयंत्र चालविले गेले. इटलीतील व्हेर्नास्का येथील सिमेंट कारखान्यात २०२० मध्ये सुरू झालेला प्रयोग एक पाऊल पुढचा आहे. तेथे सिमेंटची कच्ची भुकटीच शोषक म्हणून वापरली गेली. चुना एकदोन फेऱ्यांतच क्लिंकरच्या भट्टीत जाणार असेल, तर त्यास थकण्यास अवसरच उरत नाही. मात्र त्या भुकटीत चिकणमाती व सिलिका असतात आणि उष्णतेत चुना सिलिकेशी संयोग पावून सिलिकेट होऊ लागतो. तेवढा चुना शोषणासाठी निरुपयोगी होतो.

चंद्रपूरचा विचार

सिलिकेचा हा प्रश्न आपल्या दृष्टीने अधिक जवळचा आहे. महाराष्ट्रात या पद्धतीचा विचार कोठे करावयाचा झाला तर तो चंद्रपूर जिल्ह्यात. तेथे २,९२० मेगावॉटचे महाऔष्णिक केंद्र आहे, कोळशाच्या खाणी आहेत, आणि राजुरा-कोरपना परिसरात चुनखडीवर उभे असलेले सिमेंट कारखाने आहेत. वीजकेंद्राने चुना वापरावा आणि थकलेला चुना सिमेंट कारखान्याने घ्यावा, ही मांडणी नकाशावर तरी सोपी दिसते. भारतीय कोळशात गंधक कमी असते, ही आणखी एक अनुकूल बाब.

परंतु भारतीय कोळशात राख फार असते; वीजकेंद्रांस मिळणाऱ्या कोळशात ती बहुधा ३० ते ४० टक्के असते. शोषणपात्रात येणारा धूर राख गाळून घेता येतो. भाजणभट्टीत मात्र कोळसा चुन्यामध्येच जळतो. चुन्याची क्षमता २० टक्के धरली, तर एक टन कार्बन डायऑक्साइडमागे भट्टीस सुमारे ५.५ गिगाज्यूल उष्णता लागेल. टनाला १६ गिगाज्यूल देणाऱ्या कोळशाचे ते सुमारे ३४० किलो होतात आणि ३५ टक्क्यांनी त्यातील राख सुमारे १२० किलो. ५०० मेगावॉटच्या एका संचातून दिवसाला १०,००० टन वायू पकडावयाचा म्हटल्यास १,२०० टन राख रोज चुन्यात येऊन पडणार. बारीक राख वायूबरोबर निघून जाईल हे खरे. पण राहील ती फिरत्या चुन्यात साचेल, त्याच्याबरोबर तापेल-निवेल आणि तिच्यातील सिलिका व अॅल्युमिना चुन्यास हळूहळू खातील. ती साचू नये म्हणून मिश्रणाचा मोठा भाग सतत बाहेर काढावा लागेल. बाहेर जाणारा माल साध्या चुनखडीचा असेल तर सिमेंट कारखाना तो राखेसह आनंदाने घेईल, कारण सिलिका व अॅल्युमिना त्यास हव्याच असतात. माल झिर्कोनियायुक्त कृत्रिम गोळ्यांचा असेल तर प्रत्येक फेरीत भांडवलच बाहेर जाईल. शंभर आवर्तने टिकणारा शोषक वीस आवर्तनांतच राखेबरोबर काढून टाकावा लागणार असेल, तर त्याच्या टिकाऊपणाचा उपयोग काय?

भट्टीस कोळशाऐवजी बाहेरून उष्णता दिली, वीज किंवा सूर्याची, तर हा युक्तिवाद पालटतो. तेव्हा राख नाही, गंधक नाही, शोषक दीर्घकाळ फिरू शकतो आणि महाग, टिकाऊ पदार्थास अर्थ प्राप्त होतो. सुधारित शोषकाचे मूल्य अशा रीतीने त्याच्या रसायनाइतकेच भट्टीच्या रचनेवर अवलंबून आहे.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांसाठी यातून एक साधा कार्यक्रम निघतो. राजुरा-वणी भागातील चुनखडीचे नमुने घ्यावेत, त्यांत वीजकेंद्राची राख ५, १० व २० टक्के मिसळावी, ९२० अंशांना शुद्ध कार्बन डायऑक्साइडच्या प्रवाहात भाजावेत, ६५० अंशांना १५ टक्के मिश्रणात दहा मिनिटे ठेवावेत, आणि असे किमान ५० वेळा करून प्रत्येक वेळचे वजन नोंदवावे. नळीची विद्युत्-भट्टी, वायूचे दोन सिलिंडर व चांगला तराजू एवढ्यावर हे काम होते. शेवटी उरलेल्या चुन्याचे क्ष-किरण विवर्तन करून त्यात कॅल्शियम सिलिकेट किती झाले ते पाहावे; हे उपकरण विद्यापीठात उपलब्ध असते.